पोंपोंचं अस्वल, तुमचं कबूतर: प्राण्याची छोटी ब्राँझ मूर्ती कशी घडवावी

पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात एक पांढरं दगडी अस्वल आहे. 163 सेंटिमीटर उंच, 251 सेंटिमीटर लांब. मान पुढे ताणून ते चाललेलं आहे. अंगावर एक केस कोरलेला नाही, डोळा आणि कान असून नसल्यासारखे, आणि तरीही ते बर्फावरून चाललेलं खरंखुरं जनावर वाटतं. हे अस्वल घडवणारा फ्रान्स्वा पोंपों त्याच्या छोट्या ब्राँझ प्राण्यांसाठीही तितकाच ओळखला जातो: कोंबड्या, बदकं, घुबड, रानडुक्कर, पेलिकन आणि कबूतर. या लेखात त्याच्या पद्धतीने एक छोटी ब्राँझ मूर्ती पहिल्या रेषेपासून शेवटच्या मेणापर्यंत कशी न्यायची ते सांगतो. उदाहरण म्हणून कबूतर घेतलंय. पोंपोंनेही एक कबूतर पाळलं होतं, त्याचं नाव निकोला, आणि त्याची मूर्तीही त्याने केली. आपल्याकडे तर कबूतर शोधायला खिडकीपर्यंत जावं लागतं, एवढंच.

आधी माणसाबद्दल थोडं, कारण त्याची पद्धत त्याच्या आयुष्यातून आली आहे. पोंपोंचा जन्म 1855 मध्ये बर्गंडीतल्या सोलिए गावात झाला. वडील सुतार. पोरवयात तो दिजाँ शहरात थडग्यांचे दगड घडवणाऱ्याकडे उमेदवारी करायला गेला, आणि 1875 मध्ये पॅरिसला आला. पुढची कित्येक वर्षं त्याने दुसऱ्या शिल्पकारांचा संगमरवर कोरला. मातीतलं किंवा प्लास्टरमधलं मूळ काम शिल्पकाराचं, दगडात उतरवणारा हात पोंपोंचा. 1890 पासून तो रोदँ या प्रख्यात शिल्पकाराकडे होता आणि तिथल्या कारागिरांचा प्रमुखही झाला. नंतर रने द सँ-मार्सो या शिल्पकाराकडे गेला. त्यांच्या नॉर्मंडीतल्या घरी उन्हाळे काढताना अंगणातल्या कोंबड्या-बदकांनी त्याला पकडलं. पन्नाशीत त्याने माणसांच्या मूर्ती जवळजवळ सोडल्या आणि प्राणी धरले. पांढरं अस्वल 1922 च्या शरद-प्रदर्शनात, सालों दोतोनमध्ये, आलं तेव्हा तो 67 वर्षांचा होता. खरी प्रसिद्धी त्यानंतरची. 1933 मध्ये तो गेला.

रोदँच्या मूर्तीवर बोटांच्या खुणा, खळगे, उंचवटे सगळं राहू दिलेलं असतं. त्या कारखान्यात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाने शेवटी अगदी उलटी वाट धरली. पण ही गुळगुळीत वाट सोपी नाही, आणि ती आळशी तर मुळीच नाही. पोंपों प्राणी आधी त्याच्या सगळ्या लवाजम्यासह घडवायचा, पिसं-केसांसकट, आणि मग एकेक गोष्ट काढत जायचा. जे काढायचं ते आधी तिथे असायला हवं. हे वाक्य शेवटच्या पायरीपर्यंत सोबत ठेवा. माझे विद्यार्थी हमखास इथेच अडकतात: पहिल्याच दिवशी गुळगुळीत अंडं करतात, त्याला चोच लावतात आणि ‘पोंपोंसारखं’ म्हणतात. त्यात कबूतर कधीच नव्हतं, मग उरणार काय?

आठवडाभर नुसतं पाहा

पोंपों पॅरिसच्या जार्दाँ दे प्लांत या बागेतल्या प्राणिसंग्रहालयात जायचा, तो गळ्यात अडकवता येईल असा छोटा फळा घेऊन. त्यावर माती. जनावर पिंजऱ्यात जसं फिरेल तसा तोही त्याच्याबरोबर फिरायचा. बसलेल्या, झोपलेल्या प्राण्यात त्याला रस कमी. चालणारं शरीरच आपला आकार ठरवतं, असं त्याचं म्हणणं होतं.

तुम्ही एक वही घ्या, जाड पेन्सिल घ्या, खोडरबर घेऊ नका. रोज वीस मिनिटं, एका रेखाटनाला जास्तीत जास्त वीस सेकंद. फक्त बाह्यरेषा काढायची. डोळा नाही, पिसं नाहीत. कबूतर चालताना त्याचं डोकं पुढेमागे हलतं असं आपल्याला वाटतं. नीट पाहिलं तर कळतं की डोकं क्षणभर हवेत जागच्या जागी थांबतं, धड पुढे सरकून त्याला गाठतं, आणि मग मान एकदम पुढे फेकली जाते. म्हणजे मानेचे दोन स्पष्ट आकार आहेत: आखूड-गोल आणि लांब-ताणलेला. तुमच्या मूर्तीला यांपैकी एक निवडावा लागेल. मधला निवडलात तर कबूतर भुसा भरल्यासारखं दिसतं.

सकाळी सूर्य पाखराच्या मागे असताना पाहणं सगळ्यात उपयोगी. प्रकाशाविरुद्ध बघितलं की तपशील आपोआप गळतो आणि काळी आकृती तेवढी उरते. पाच-सहा दिवसांत तुमच्या वहीत शंभरेक आकृत्या जमतील. त्यांतल्या ज्या तीन लांबून पाहिल्यावरही ‘कबूतर’ म्हणून ओळखू येतात, त्या भिंतीला लावा.

फोटोवरून काम करू नका. फोटो फार तर चोचीचा कोन तपासायला ठेवा. फोटोतलं कबूतर एका बाजूने दिसतं, आणि मूर्तीला बाजू मोजता येत नाहीत इतक्या असतात.

माप, पाय आणि सांगाडा

खरं कबूतर चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण 32 सेंटिमीटर. निम्मं माप घ्या, 16 सेंटिमीटर. हातात मावतं, ओतकामाचा खर्च आवाक्यात राहतो, आणि चूक झाली तर पुन्हा करायचं धैर्य उरतं.

पाय आत्ताच ठरवा. निम्म्या मापात कबुतराचा पाय दोन-तीन मिलिमीटरचा होतो. तेवढ्या बारीक वाटेने वितळलेलं ब्राँझ नीट पोचत नाही, मध्येच थिजतं. तीन उपाय आहेत: पाय जाड करा, पोटाखाली पिसांत दडवा, किंवा पाखरू बसतं करा. मी दुसरा निवडतो. थंडीत फुगून बसलेलं किंवा दबकत चालणारं कबूतर पाय तसेही अर्धे झाकतं. पोंपोंच्या अस्वलाचे जाडजूड, मुके पंजे आठवा. जाडी त्याने लपवली नाही, त्या जाडीतच चाल पकडली.

सांगाड्याला जाड ॲल्युमिनियमची तार घ्या. ती लाकडी पाटावर खिळ्यांनी घट्ट बसवा. पोटाच्या जागी थर्माकोलचा तुकडा बांधा, म्हणजे माती कमी लागेल. शाडू हाताला सर्वांत गोड वाटते हे खरं, पण वाळताना ती आकसते आणि तारेवर तडकते. आठवडाभराचं काम असेल तर ओलं फडकं आणि वर प्लॅस्टिक गुंडाळून शाडू चालेल. काढत जाण्याची ही पद्धत मात्र तीन-चार आठवडे खाते. त्यामुळे तेलातली माती, म्हणजे प्लॅस्टिसिन, बरी. ती वाळत नाही, घाई लावत नाही.

सगळं घाला, मग काढा

पहिल्या टप्प्यात सगळं करा. डोळ्याभोवतालचं कडं, चोचीवरचा पांढुरका फुगवटा, पंखावरच्या पिसांचे थर, शेपटीची पिसं, नखं. ढोबळ आकार आधी बसवा: छातीचा फुगा, त्यातून निघणारी मान, पाठीची उतरण, शेपटीची पट्टी. वजन पायांवर पडतंय का ते पाहा. पाखराची छाती पायांच्या फार पुढे गेली तर ते तोंडावर पडणार असं डोळ्याला लगेच कळतं. एवढं पटलं की पिसं कोरा. यासाठी पूर्ण एक आठवडा द्या. हे काम शेवटी दिसणार नाही हे माहीत असूनही मनापासून करा, कारण पंख अंगाला कुठे चिकटतो, कुठे सुटतो, हे पीस कोरतानाच बोटांना समजतं.

मग चारी बाजूंनी फोटो काढा आणि काढायला लागा. माझा क्रम असा असतो. आधी सुटी पिसं जातात, पंखाची कड राहते. मग नखं. मग चोचीवरची फट. डोळ्याचं कडं बुजवून डोळा म्हणजे एक हलकी उंचवट्याची जागा ठेवायची. प्रत्येक गोष्ट काढल्यावर पाच पावलं मागे जा. कबूतर अजून आहे ना? मग पुढची काढा. ज्या क्षणी ते ‘कुठलं तरी पाखरू’ होतं, त्या क्षणी शेवटची काढलेली गोष्ट परत ठेवा. कबुतराच्या बाबतीत माझ्या अनुभवात दोन गोष्टींना हात लावता येत नाही: कपाळापासून चोचीपर्यंतचा तीव्र उतार, आणि मान जिथे छातीत मिसळते तिथला भराव. पंखाची कडसुद्धा जवळजवळ पुसता येते. हा भराव गेला की पारवा होत नाही, चिमणी होते.

या टप्प्यात दोन चाचण्या रोज करा. पहिली, खोलीत अंधार करून टॉर्च मूर्तीच्या अगदी बाजूला, पृष्ठभागाला लागून धरा आणि हळूहळू फिरवा. प्रकाशाची कड अंगावरून एकसलग सरकली पाहिजे. जिथे ती अडखळते तिथे खड्डा किंवा गाठ आहे. दुसरी, डोळे मिटून तळहात फिरवा. डोळा फसतो, हात फसत नाही. पोंपों आयुष्यभर दगड घासलेला माणूस होता. त्याच्या मूर्ती गुळगुळीत वाटतात, पण त्या फुग्यासारख्या एकाच गोलाईच्या नाहीत. जवळून पाहिलं तर एका पातळीतून दुसरीत जाताना सूक्ष्म वळणं आहेत, आणि सावली त्या वळणांवरच थांबते. तेव्हा सँडपेपरसारखं सगळं सपाट घासू नका. लाकडी पट्टीने मोठ्या पातळ्या ठरवा, आणि पातळ्यांमधला सांधा तेवढा बोटाने मऊ करा.

ब्राँझ थिजताना साधारण दीड ते दोन टक्के आकसतं, मेणही थोडं आकसतं. 16 सेंटिमीटरचं कबूतर तीन-चार मिलिमीटरने लहान होईल. नेमकं माप हवं असेल तर मातीतच तेवढं मोठं ठेवा.

साचा

पोंपोंच्या काळी प्लास्टरच्या तुकड्यांचे किंवा सरसाचे साचे करत. आज सिलिकॉन रबर हेच काम सोपं करतं. मूर्तीवर रबराचा पातळ थर, त्यावर घट्ट थर, आणि बाहेरून दोन भागांत प्लास्टर ऑफ पॅरिसचं कवच. रबराला डिंकासारखं ताणू द्या, घाईत काढू नका.

इथे एकच गोष्ट जिवाची: साच्याची सांधणी कुठून न्यायची. केसाळ, खडबडीत मूर्तीवर सांध्याची रेघ कुठेही लपते. तुमच्या कबुतरावर लपायला जागाच नाही. म्हणून रेघ पाठीच्या मधोमध किंवा छातीवरून कधीही नेऊ नका. शेपटीच्या कडेवरून, पंखाच्या उरलेल्या कडेवरून आणि पोटाखालून न्या, म्हणजे जिथे आकार मुळातच वळतो तिथून.

मेण

आता साच्यातून मेणाची पोकळ मूर्ती काढायची. पुढे भट्टीत हे मेण गळून जाईल आणि त्याच्या रिकाम्या जागेत ब्राँझ ओतलं जाईल. मिश्रण असं: मधमाशीचं मेण, पॅराफिन आणि थोडी राळ. राळेने मेण कडक होतं, उन्हाळ्यात वाकत नाही. जास्त घातलीत तर ते ठिसूळ होऊन चोच तुटेल. मेण थेट आगीवर नको, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून वितळवा.

पहिला थर ब्रशने लावा, कारण पृष्ठभाग त्याच थरावर उतरतो. मग साचा बंद करून, जरा निवलेलं मेण आत ओता, फिरवा, उरलेलं परत काढून घ्या. असं तीन-चार वेळा. जाडी सगळीकडे चार-पाच मिलिमीटर हवी. एकीकडे तीन आणि दुसरीकडे दहा झाली तर जाड भाग उशिरा थिजतो, आत ओढला जातो, आणि छातीवर खळगा पडतो. तो खळगा टॉर्च लगेच पकडतो.

मेणाची मूर्ती हातात आली की टॉर्च पुन्हा काढा. सांध्याची रेघ गरम सुरीने उतरवा, बुडबुडे मेणाने भरा, शेवटी टर्पेंटाइनमध्ये किंचित ओलं केलेलं मऊ फडकं फिरवा. सही आणि क्रमांक मेणातच करा. मेणावर दहा मिनिटांत होणारी दुरुस्ती धातूवर अख्खी दुपार घेते.

आता मेणाचं वजन करा. ब्राँझ मेणाच्या नऊ ते दहापट जड असतं. मेणाचं कबूतर 110 ग्रॅम भरलं तर धातू सुमारे एक किलो, शिवाय धातू आत नेणाऱ्या नळ्या आणि तो ओतायचा पेला यांत थिजणारा धातू वेगळा. ओतारी भाव सांगेल तेव्हा हा हिशेब तुमच्याकडे हवा.

ओतकाम: हे घरी करायचं नाही

ब्राँझ साधारण 1100 ते 1150 अंश सेल्सियसला ओततात. साच्यात ओल राहिली तर तिची क्षणात वाफ होते आणि धातू उसळून बाहेर येतो. जस्त असलेल्या मिश्रधातूचा धूर छातीत गेला तर ताप भरतो. भट्टी, मूस, चामडी एप्रन आणि अनुभवी माणसं जिथे आहेत तिथेच हे काम द्या. पोंपोंची ब्राँझंसुद्धा एब्रार आणि वाल्सुआनी यांच्यासारख्या पॅरिसमधल्या नावाजलेल्या ओतशाळांत, मेण-गाळ पद्धतीनेच ओतली गेली.

पण प्रत्येक पायरीला हजर राहा. मेणाच्या मूर्तीला मेणाच्याच नळ्या जोडतात: काही धातू आत यायला, काही हवा बाहेर जायला. या नळ्या कुठे जोडायच्या ते ओताऱ्याशी बोलून ठरवा. त्याला सोयीची जागा बहुधा पाठ असते, तुम्हाला चालणारी जागा पोट आणि शेपटीची खालची बाजू. त्याचं म्हणणं ऐकून घ्या, कारण धातू कुठून वाहील ते त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. पण पाठ वाचवण्यासाठी आग्रह जरूर धरा. मूर्ती डोकं खाली करून, पोटाकडून ओतली तर बहुतेक वेळा दोघांचं जमतं.

आतल्या पोकळीत गाभा भरतात. गाभा हलू नये म्हणून मेणातून आरपार टाचण्या किंवा बारीक खिळे जातात. बाहेरून प्लास्टर आणि विटेच्या भुकटीचं जाड आवरण. मग भट्टीत मेण गाळून साचा हळूहळू 600-650 अंशांपर्यंत नेतात आणि पूर्ण सुकेपर्यंत ठेवतात. छोट्या साच्यालाही यात एक-दोन दिवस जातात. ‘लवकर करून देतो’ म्हणणाऱ्याला नको म्हणा. काही ओतशाळा आता प्लास्टरऐवजी सिरॅमिकचं पातळ कवच वापरतात. गुळगुळीत कामाला ते चांगलं, पृष्ठभाग स्वच्छ उतरतो.

ओतण्याआधी दोन प्रश्न विचारा: मिश्रधातू कोणता, आणि त्याच धातूची जोडसळई, म्हणजे भोकं जोडून बुजवायची सळई, शिल्लक ठेवाल का? दुसरा प्रश्न किती महत्त्वाचा ते पुढे कळेल.

छाटणी आणि घासकाम

साच्यातून निघालेलं कबूतर पाहून जीव दडपतो. काळवंडलेलं, अंगातून नळ्या फुटलेल्या, टाचण्यांची भोकं. हॅक्सॉने नळ्या कापा, पण पृष्ठभागापासून दोन मिलिमीटर वर. उरलेलं कानशीने उतरवा. खिळ्यांची भोकं त्याच मिश्रधातूच्या सळईने जोडून घ्या. वेगळा धातू वापरला तर आत्ता काही दिसणार नाही, पण रंग चढवला की तिथे ठिपका उमटेल आणि तो कधीच जाणार नाही.

सपाट कानस गोलाईवर सपाट चट्टे पाडते, म्हणून वाकड्या तोंडाच्या छोट्या कानशी घ्या. घासताना एकाच जागी रेंगाळू नका. हात लांब आणि आकाराच्या दिशेने चालला पाहिजे, छातीवरून मानेकडे, पाठीवरून शेपटीकडे. पॉलिश पेपर 120 पासून 220, 400 असा चढवत 600 ला थांबा. प्रत्येक नंबरला आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. आरशासारखी चकाकी आणू नका. आरशात खोली दिसते, कबूतर दिसत नाही. टॉर्च अजून टेबलावर आहे ना? तिने शेवटचं एकदा तपासा.

रंग आणि मेण

मूर्ती साबणाने धुवा, मग ॲसिटोनने पुसा. यानंतर उघड्या बोटाने स्पर्श नको, तेलाचा ठसा रंगात उमटतो. काम मोकळ्या हवेत, हातमोजे, चष्मा आणि वायू अडवणारा मास्क लावून करा.

एकसलग आकाराला एकसलग रंग शोभतो. हिरवे-निळे डाग असलेली जुनाट झाक या कबुतरावर घालू नका. तो डाग नवा तपशील होऊन बसतो, आणि तुम्ही महिनाभर तपशीलच काढत होतात. गडद तपकिरीसाठी मूर्ती ज्योतीने इतकी तापवा की पाण्याचा थेंब तडतडेल. मग लिव्हर ऑफ सल्फर या गंधकयुक्त रसायनाचं अगदी पातळ द्रावण ब्रशने द्या. धुवा, बारीक घासणीने हलकेच घासा, पुन्हा तापवा, फेरिक नायट्रेटचं पातळ द्रावण द्या. त्याने तपकिरीत ऊब येते. पातळ थर अनेक वेळा देणं हाच मार्ग. आधी ओतीव तुकड्यावर करून बघा, तोही त्याच ओतीतला.

रंग पटला की मूर्ती कोमट असतानाच मधमाशीच्या मेणाचा पातळ हात द्या आणि निवल्यावर सुती कापडाने चमकवा. वर्षातून एकदा हे मेण पुन्हा द्यायचं. पितळेच्या भांड्यांची पावडर किंवा चिंच या मूर्तीला कधीही लावू नका. महिन्याचं काम एका सणाच्या सकाळी निघून जातं.

किती प्रती?

एका साच्यातून कितीही मेणं निघतात, म्हणून आकडा आधी ठरवा आणि लिहून ठेवा. फ्रान्समध्ये आज मूळ ब्राँझ म्हणून जास्तीत जास्त बारा प्रती धरतात: 1/8 ते 8/8 अशा आठ, आणि रोमन अंकांच्या चार कलाकार-प्रती. 1981 च्या हुकुमाने तिथे नकलेवर ‘रेप्रोद्युक्सियों’, म्हणजे प्रतिकृती, हा शब्द न पुसता येईल असा घालणं बंधनकारक केलं. पोंपोंच्या काळात असे नियम नव्हते. त्याने आपली कामं फ्रेंच सरकारला देऊन टाकली, आणि आज त्यांचा मोठा संच दिजाँच्या संग्रहालयात आहे. त्याच्या हयातीतली ओत आणि नंतरची नक्कल यांच्या किमतीत म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक पडतो. नकली ओत बहुधा मूळ ब्राँझवरूनच साचा घेऊन करतात, म्हणून ती आकसण्यामुळे थोडी लहान आणि कडांना बोथट असते. तुमच्या पहिल्या कबुतराची नेमकी लांबी मिलिमीटरमध्ये वहीत लिहून ठेवा. पुढे कधी कोणी तुमच्या नावावर दुसरं आणलं तर मोजपट्टी लावून कळेल.

माझ्या मते पहिल्या वेळी तीनच प्रती करा. एक ठेवायला, एक द्यायला, आणि एक रंगाचे प्रयोग करायला.

मूर्ती काचेच्या कपाटात ठेवू नका, डोक्यावर स्पॉटलाइटही नको. डोळ्यांच्या उंचीला, खिडकीच्या बाजूला ठेवा, म्हणजे सकाळचा उजेड तिच्या अंगावर आडवा येईल. टॉर्च फिरवून तुम्ही जो पृष्ठभाग घडवला, तो त्याच उजेडात दिसतो, छातीपासून शेपटीपर्यंत, कुठेही न अडखळता.